गुरुवारची उत्तरं

"होकार आणि नकार एकाच दिवशी घराबाहेर पडले पाहिजेत; नाहीतर वाट बघणाऱ्याला दिवसावरूनच उत्तर कळतं."

हे वाक्य श्रीरंगराव वैजापूरकर एकदाच बोलले, तेही बायकोशी, तिच्यासमोर बसून शेंगा सोलताना. त्यांची मुलगी नीरजा तेव्हा शाळेत जात होती. उंबऱ्यात बसून ती भूगोलाचा नकाशा रंगवत होती आणि तिनं ते ऐकलं. मुलांना नको ते नेमकं पाठ होतं, तसं ते तिला पाठ झालं.

श्रीरंगराव औरंगाबादच्या जिल्हा न्यायालयात कारकून होते. स्थळं जुळवणं हा त्यांचा धंदा नव्हता. कुणी नारळ दिला, टॉवेल-टोपी दिली तर घ्यायचे, नाही दिली तर विसरून जायचे. पण शहरातल्या आणि आसपासच्या देशस्थ घरांत असा दबदबा होता, की मुलगी पंचविशीला आली की बाप देवाच्या आधी यांच्या दारात. मुलाकडचे मुलगी बघून जात, आपलं काय ते श्रीरंगरावांना सांगत, आणि श्रीरंगराव ते ऐकून नुसती मान हलवत. मग गुरुवार उजाडेपर्यंत ते उत्तर त्यांच्यापाशी राही.

गुरुवारी कोर्ट सुटलं की ते घरी येत, हातपाय धूत, गळाबंद कोट आणि काळी टोपी घालत आणि सायकलवर निघत. पुढं सायकलची लूना झाली. ज्या घरी जायचं तिथं दाराजवळच्या खुर्चीवर बसत, आधी पाणी पीत, मग उत्तर सांगत. मुलाकडच्यांनी जागच्या जागी पेढा तोंडात घालून होकार दिलेला असो, की जिना उतरता उतरता नाक मुरडलेलं असो, दोन्ही उत्तरं गुरुवारीच निघत. गुरुवारच का, तर शनिवार लोक टाळतात आणि सोमवारी कोर्टात गर्दी असते, याहून मोठं कारण नव्हतं. कोर्टातले लोक म्हणत, "वैजापूरकरांनी लग्नालासुद्धा तारीख लावली."

नकाराची खरी कारणं ते ज्या घरात ऐकत त्याच घरात ठेवून येत. मुलीचे दात पुढं आहेत, बाप पितो, घराला स्वतंत्र नळ नाही, असं काहीबाही असे. मुलीच्या घरी पोचेपर्यंत त्या सगळ्याचं एकच वाक्य झालेलं असे. पत्रिका जुळत नाही. "ग्रहांवर कोण चिडतं?" ते म्हणत. "मंगळाच्या घरी जाऊन भांडता येत नाही."

हे सगळं कुठून सुरू झालं ते नीरजाला आईनं, कालिंदीबाईंनी सांगितलं होतं. श्रीरंगराव या उद्योगात नवे होते तेव्हा खडकेश्वराकडच्या एका मुलीला आलेला नकार त्यांनी त्याच दुपारी तिच्या घरी नेला. पोह्यांच्या बशा अजून मोरीत होत्या. दार मुलीनंच उघडलं. इतक्या लवकर माणूस परत आला म्हणजे काय घेऊन आला असणार, हे तिनं मनाशी ठरवून टाकलं, लाजून हसली आणि आत ओरडली, "आई, साखर काढ." श्रीरंगराव दारात उभे.

"मग?" नीरजानं विचारलं होतं.

"मग काय. आले घरी. जेवले नाहीत," कालिंदीबाई म्हणाल्या. "आणि त्यानंतर हा गुरुवार आला आपल्या घरात. सवत परवडली असती."

नीरजा लहान असताना बुधवारी संध्याकाळी तिचा एक खेळ असे. बाबांच्या चेहऱ्यावरून उद्याचं उत्तर ओळखायचं. ते वरणाला फोडणी कशी मागतात, पेपरची घडी कशी घालतात, चप्पल सरळ काढतात की तिरकी, सगळं ती बघायची. एकदाही बरोबर आलं नाही. वडिलांचा चेहरा सरकारी इमारतीसारखा होता. आत काय चाललंय ते बाहेरच्या रंगावरून कळत नसे.

मग शहर वाढलं. गुलमंडी आणि औरंगपुऱ्यातली घरं आधी सिडकोत गेली, तिथून बीड बायपासला, साताऱ्याच्या डोंगराकडं, जिथं इमारतींना नद्यांची नावं होती आणि पाणी टँकरचं होतं. वैजापूरकरांचं स्वतःचं घर सिडकोतच, एन-सातला, दोन खोल्या आणि वर गच्ची. पण ज्यांच्याकडं उत्तरं पोचवायची ते इतके लांब पांगले, की लूना पुरेना. त्यातच श्रीरंगराव निवृत्त झाले आणि हातात मोबाइल आला.

तो त्यांना गयासनं दिला. पैठण गेटला गयासचं मोबाइलचं दुकान होतं. त्याचे वडील कोर्टाबाहेर बसणारे अर्जनवीस, लोकांचे अर्ज लिहून देणारे. श्रीरंगरावांशी त्यांची चहाची दोस्ती होती आणि ती वारशानं गयासकडं आली होती.

"साहेब, तुम्ही पोस्टमन झाले असते ना, सरकारनं कधीच सस्पेंड केलं असतं," गयास म्हणायचा. "लोकांचं टपाल दाबून बसता."

"दाबत नाही रे. मुरवतो."

"लोणचं हाय का ते?"

समाजातल्या कुणाच्या तरी जावयानं वधू-वरांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला आणि त्यात श्रीरंगरावांना आदरानं घातलं. ते पहिल्याच आठवड्यात हबकले. सकाळी दहाला एका बाईनं ग्रुपवरून नंबर घेऊन थेट त्यांनाच मुलीचा फोटो आणि माहिती पाठवली. बाराला तिनं प्रश्नचिन्ह पाठवलं. एकला लिहिलं, "काका, तुम्ही बघितलंय. निळं झालंय. नाही असेल तर स्पष्ट सांगा, आम्हाला दुसरीकडं बघता येईल." काकांनी फोटो मोठा करून मुलीचं कपाळ तेवढं बघितलं होतं. मुलाकडच्यांना अजून कळवलंही नव्हतं.

ते फोन घेऊन पैठण गेटला गेले. गयासनं दोन-तीन ठिकाणी बोट फिरवलं.

"घ्या. आता तुम्ही वाचलं का नाय, कुणाला कळणार नाय. पण एक हाय, दुसऱ्यानं वाचलं का, ते तुम्हालाबी दिसणार नाय."

"हे बरं केलं," श्रीरंगराव म्हणाले. "न्याय झाला."

तेवढ्यानं काही थांबणार नव्हतं. लोकांनी एकमेकांचे नंबर घेतले. होकार अंगठ्यावर आला. नकार तर यायचाही बंद झाला. संध्याकाळपर्यंत उत्तर नाही म्हणजे नाहीच, असं लोक आपापसात धरून चालू लागले. श्रीरंगरावांचे गुरुवार रिकामे जाऊ लागले. तरी त्या दिवशी संध्याकाळी ते हातपाय धूत आणि थोडा वेळ ओसरीत उभे राहत.

नीरजा शेंद्र्याला एका औषधांच्या कंपनीत होती, गुणवत्ता तपासणीच्या विभागात. तिच्या विभागाचाही ग्रुप होता आणि साहेब कंपनीच्या बसमध्येसुद्धा माणसांना सोडत नसे.

"आमच्याकडं दहा मिनिटं उत्तर दिलं नाही, तर माणूस मेला असं समजतात," ती एकदा वडिलांना म्हणाली.

"आणि दिलं तर?"

"तर जिवंत आहे, एवढंच."

"मग एवढ्यासाठी लिहायचं कशाला? खोकलं तरी चालेल." स्वतःच्या विनोदावर ते हसत नसत. नीरजा हसली.

ती एकतिशीला आली होती. आतापर्यंतची तिची स्थळं मामानं आणली होती, कारण बापानं स्वतःच्या मुलीच्या लग्नात मध्यस्थ होऊ नये हा श्रीरंगरावांचाच दंडक. मामा गेला. त्यानंतर पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी ओढ दिली, जायकवाडीचं पाणी तळाला गेलं, आणि त्या वर्षीच्या माघात फुलंब्रीच्या नानासाहेबांचा फोन आला. त्यांच्या मोठ्या मुलीचं लग्न पूर्वी श्रीरंगरावांनीच जुळवलेलं. विहीर आटल्यावर नानासाहेब बायको-मुलासह शहरात गारखेड्याला भाड्यानं राहायला आले होते. धाकटा मुलगा मंदार वाळूजला इंजिनियर.

"मधी माणूस कशाला घालायचा?" नानासाहेब म्हणाले. "माणूस तर तुम्हीच."

श्रीरंगरावांनी पत्रिका मागवली. सकाळी चहाच्या वेळी चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी ती टेबलावर ठेवली आणि जे आजवर कुणाच्या घरात केलं नव्हतं ते स्वतःच्या घरात केलं. पसंती दाखवली. "नाडी वेगळी, गण एक. बघायलाच नको. अशी पत्रिका माझ्या हाताखालून क्वचित गेली असेल."

कालिंदीबाईंनी देवाला साखर ठेवली.

शुक्रवारी ती मंडळी आली. त्या दिवसांत मुलगी बघायला आलेले लोक आधी पाण्याची चौकशी करत.

"तुमच्याकडं नळ कवा येतो?" नानासाहेबांनी विचारलं.

"आला की कळतं," कालिंदीबाई म्हणाल्या.

नानासाहेब लई खूष झाले. अर्धाच पेला पाणी प्यायले आणि उरलेलं बायकोपुढं सरकवलं. बायको कमी बोलणारी होती. तिनं नीरजाला एवढंच विचारलं, शेंद्र्याहून घरी यायला अंधार पडतो का. पडतो, नीरजा म्हणाली.

मंदार आणि नीरजा गच्चीवर गेले. तिथं बसायला काळ्या टाकीच्या सावलीखेरीज जागा नव्हती. मंदारनं टाकीवर बोटाच्या पेरानं टकटक केलं.

"रिकामी आहे," नीरजा म्हणाली.

"आमची पण. लोक आता एकमेकांच्या टाक्या वाजवूनच सोयरीक करत असतील."

तिला तो आवडला. उगाच शहाणा नव्हता. तिनं आपणहून सांगितलं की नोकरी सोडणार नाही. तो म्हणाला, "सोडूच नका." नंबर घेतले. खाली आल्यावर नानासाहेब उठत म्हणाले, "कळवतो. तुमचा गुरुवार आमाला म्हाईत हाय." श्रीरंगरावांनी हात जोडले.

शनिवारी संध्याकाळी श्रीरंगरावांचा फोन वाजला. ते बोलत बोलत फाटकापर्यंत गेले, परत आले, आणि कालिंदीबाईंना म्हणाले की वांग्याची भाजी कर, बऱ्याच दिवसांत झाली नाही. नीरजानं त्यात काही पाहिलं नाही. वांगी ती वांगी.

रविवारी दुपारी टँकर येऊन गेला होता. नीरजा अंगणात हंड्याच्या तोंडाला फडकं बांधून पाणी गाळत होती. कमरेला खोचलेला फोन थरथरला. ओल्या बोटानं तिनं तो उघडला.

मंदारनं लिहिलं होतं, "काल बाबांनी तुमच्या बाबांना फोन करून नाही म्हणून कळवलंय. तुम्हाला समजलं असेलच, पण मला स्वतः सांगावंसं वाटलं. तुमचे बाबा पत्रिकेचं म्हणतील कदाचित. तसं काही नाही. तुम्ही नोकरी सोडणार नाही हे आईला चाललं नाही, आणि मी आईशी भांडलो नाही. एवढंच आहे. माफ करा."

वर त्याच्या नावाखाली तो हजर असल्याचं दिसत होतं. म्हणजे हातात फोन धरून तिकडं तो उभा होता आणि आपण वाचलं हे त्याला कळलं होतं. फडक्यावर लालसर गाळ जमत होता. नीरजानं लिहिलं, "ठीक आहे. तुम्ही सांगितलंत हे बरं केलंत." आणि फोन परत खोचला. हंडा भरेपर्यंत ती तिथंच उभी राहिली. वाईट वाटलं. गच्चीवरची टकटक आठवली आणि आणखी वाईट वाटलं. पण ते वाईट वाटणं तिच्या ओळखीचं होतं. त्याला कडा होत्या, ते कुठं संपेल ते दिसत होतं.

दुसरी गोष्ट तिला हंडा आत नेताना लक्षात आली. काल. त्यांनी काल कळवलंय.

बाबा बाहेरच्या खोलीत शब्दकोडं सोडवत होते. "नीरू, पाण्याला पाच अक्षरी शब्द सांग, म सुरुवातीला."

"मृगजळ," ती म्हणाली.

"चारच होतात."

त्या दिवसापासून ती त्यांच्याकडं बघत राहिली. जन्मभर ज्या चेहऱ्यापुढं ती हरली होती, त्याच्या आत काय आहे ते आता तिला माहीत होतं. म्हणून पहिल्यांदाच तिला त्याची बांधणी बघता येत होती. आणि काम खरंच बिनचूक होतं. भाकरीचा तुकडा नेहमीएवढाच मोडला जात होता. तिच्याकडं ते नेहमीएवढंच बघत होते, ना कमी ना जास्त. जास्त बघितलं असतं तर दया दिसली असती, कमी बघितलं असतं तर लपवणं. मधली जागा त्यांना सापडलेली होती आणि तिथं ते आरामात बसले होते.

तिला राग आला नाही असं नाही. पण रागाखाली एक मागणी होती आणि सोमवारी बसमध्ये ती तिला स्वच्छ दिसली. गुरुवारी बाबांनी तिला खरं कारण सांगावं. बाकी काही नको. दुनियेच्या मुलींना त्यांनी ग्रह सांगितले, तिला त्यांनी सांगावं की तुझ्या नोकरीमुळं ते नाही म्हणाले. ते एवढं म्हणाले तर पुढचं स्थळ ती त्यांच्याच हातून बघणार होती. पत्रिका म्हणाले तर मात्र या घरात पुन्हा पोह्यांची बशी धरून ती कुणासमोर येणार नव्हती. तिनं हे शांतपणे ठरवलं, एखादा नमुना पास करायचा की नाही हे ठरवतात तसं. आणि म्हणून ती गप्प राहिली.

कालिंदीबाईंना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्या दिवसागणिक फुलत होत्या.

"नाही म्हणायचं असतं तर नानासाहेबांना एवढे दिवस कळ निघाली असती का?" त्या सोमवारी म्हणाल्या. "विचार चाललाय म्हणजे बैठकीचा विचार चाललाय. अहो, तुमच्या कानावर काही आलं का?"

"गुरुवारी," श्रीरंगराव म्हणाले.

"घरच्या माणसालाही तारीखच! अहो, मी पक्षकार आहे की बायको?"

"दोन्ही नसतीस तर एव्हाना उठून गेली असतीस."

कालिंदीबाई हसल्या. त्या हसल्या हे नीरजाला खुपलं.

मंगळवारी संध्याकाळी गयास आला. श्रीरंगरावांच्या फोनचा चार्जर बिघडला होता, तो घेऊन. कालिंदीबाईंनी त्याला बसवून घेतलं आणि लग्नात पाण्याचं काय करायचं ते विचारलं. मंगल कार्यालयवाले पाण्याची हमी देत नव्हते. लातूरला तर रेल्वेनं पाणी न्यायच्या गोष्टी चालल्या होत्या.

"भाभी, माझ्या मेव्हण्याचा टँकर हाय ना. पण आत्ताच बोलून ठेवा. वैशाखात टँकरवाला नवरदेवापेक्षा जास्त भाव खातो."

"मग बोलून ठेव. नाव सांग माझं."

"पक्कं?"

"घाई करू नकोस, गयास," श्रीरंगराव म्हणाले.

"घाई मी कुठं, टँकर करतोय. तुम्ही काय, नमकाच्या खड्यासारखे बसून राहाल, पाण्यात टाकलं तरी विरघळत नाय."

"सांग रे तू," कालिंदीबाई म्हणाल्या. "यांचं काय ऐकतोस. यांनी स्वतःच्या लग्नात अंतरपाटाआड उभं राहूनसुद्धा म्हटलं असेल, गुरुवारी कळवतो."

गयास जोरात हसला आणि तिथंच बसून मेव्हण्याला फोन लावला. नीरजा चहाचे कप उचलत होती. तिनं वडिलांकडं पाहिलं. त्यांच्या हातातल्या चार्जरची वायर ते बोटाला गुंडाळत होते, सोडत होते, पुन्हा गुंडाळत होते. बोटाचं टोक पांढरं पडलं होतं. एवढंच. चेहरा जागेवर होता.

एक वाक्य आपण आत्ता बोललो तर आईचा टँकर थांबेल, हे तिला त्या क्षणी कळलं. ती कप घेऊन आत गेली. बोलली असती तर गुरुवार आला नसता, आणि तिला गुरुवार हवा होता.

बुधवारी जेवताना तिनं वडिलांसाठी वाट करून दिली.

"बाबा, तुम्ही कधी कुणाला खरं कारण सांगितलंत का? नकाराचं?"

"कशाला?"

"कुणी विचारलं असेल."

"विचारत नाहीत. पत्रिका म्हटलं की लोक मान हलवतात. त्यांनाही तेच हवं असतं."

"सगळ्यांना?"

त्यांनी ताकाची वाटी जवळ ओढली. "ज्यांना नको असतं, त्यांनी मला कधी तसं सांगितलं नाही."

"काय गं भलतंसलतं विचारतेस जेवताना," कालिंदीबाई म्हणाल्या. "उद्या चांगलं ऐकायचंय."

गुरुवारी नीरजा कंपनीच्या बसमधून उतरून घरी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. फाटक उघडं होतं. आत बाबा दाराजवळच्या खुर्चीवर बसले होते. गळाबंद कोट अंगात, टोपी डोक्यावर. आपल्याच घरात ते पाहुण्यासारखे, खुर्चीच्या कडेला बसले होते.

"बघ तुझा बाप," कालिंदीबाई पदरानं हात पुसत बाहेर आल्या. त्यांनी पातळ बदललं होतं. "घरातल्या घरात कोट. मी म्हटलं, चला, नानासाहेबांनी पेढे पाठवले असतील तर टोपीला शोभतील." आणि सवयीनं, बाहेरून आलेल्या माणसाला द्यावं तसं त्यांनी नवऱ्यापुढं पाणी धरलं.

श्रीरंगरावांनी पेला घेतला. सावकाश पाणी प्यायले. नीरजानं खांद्यावरची पिशवी काढली नाही. ती भिंतीला टेकून उभी राहिली.

"नानासाहेबांचा निरोप आलाय," श्रीरंगराव म्हणाले.

"बोला की."

"पत्रिका..."

"पत्रिकेचं काय?" कालिंदीबाई म्हणाल्या. "पत्रिका तर तुम्हीच बघितली. नाडी वेगळी, गण एक. मीच साखर ठेवली देवाला."

श्रीरंगराव थांबले. "ते ढोबळ होतं. सूक्ष्म बघितलं तर..."

नीरजा वाट बघत होती. तिनं त्यांना वेळ दिला. रस्त्यावरून एक रिक्षा गेली, शेजारच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तरी ती थांबली. तिला वाटत होतं ते आता खोटं आणि खरं यातलं एक निवडतील. मग त्यांचे ओठ हललेले तिनं पाहिले आणि तिच्या ध्यानात आलं की निवडायला त्यांच्याजवळ दोन वस्तू नव्हत्याच. इतक्या वर्षांत खरं कारण त्यांनी एका घरातून दुसऱ्या घरात कधी नेलंच नव्हतं. ते कसं उचलायचं, कुठून धरायचं, हे त्यांना माहीत नव्हतं.

"बाबा, मला रविवारीच कळलंय," ती म्हणाली. "मंदारनं लिहिलं. मी नोकरी सोडणार नाही म्हणून त्याची आई नाही म्हणाली. तुम्हाला शनिवारी कळवलं, तेही लिहिलंय."

श्रीरंगरावांनी मान वर केली.

"रविवारी?"

"दुपारी. पाणी गाळत होते."

"आणि तू इतके दिवस..."

"तुमच्यासारखीच."

हे बोलताना तिच्या आवाजात थोडी जीत होती. ती तिला ऐकू आली. तिनं वडिलांच्या चेहऱ्याकडं बघितलं, पण चेहरा बदलला होता तो त्यांचा नव्हे. कालिंदीबाई हळूच दिवाणाच्या टोकाला बसल्या. हातातलं तबक, ज्यात रिकामा पेला परत ठेवायचा होता, त्यांनी मांडीवर घेतलं.

"म्हणजे तुला माहीत होतं," त्या नीरजाला म्हणाल्या. "आणि यांनाही माहीत होतं."

त्यांनी तबकाची कड पदरानं पुसली.

"आणि मी त्या गयासला सांगून बसले. माझ्या वहिनीला सांगितलं. हिरवं लुगडं इस्त्रीला टाकलं." त्या हसल्यासारख्या झाल्या. "तुम्ही दोघं जेवत होतात माझ्यासमोर. मी वाढत होते. मी बोलत होते आणि तुम्ही दोघं ऐकत होतात."

"आई, मी..."

"तू काय? तुला बापाची परीक्षा घ्यायची होती. घेतलीस." मग त्यांनी नवऱ्याकडं बघितलं. आवाज चढला नव्हता. "अहो, मी कुणाच्या बाजूची होते? मुलीकडची की मुलाकडची? माझ्याकडं तरी निरोप त्याच दिवशी यायचा होता ना? मी तर आतच होते. मला सांगायला आधी पाणी प्यायचं कारण नव्हतं."

नीरजाला बोलायचं होतं. मंगळवारी कप उचलताना एक वाक्य तिच्या तोंडापर्यंत आलं होतं, ते आता सांगून उपयोग नव्हता. सांगितलं असतं तर त्याचा अर्थ एवढाच झाला असता, की तिला तेव्हाही कळत होतं. तिनं पिशवी खांद्यावरून काढून खाली ठेवली. मग तिला वडिलांचा हात दिसला. ते पेला परत द्यायला पुढं करत होते, आणि कालिंदीबाई तबक पुढं करत नव्हत्या. हात तसाच थोडा वेळ हवेत राहिला.

"टँकरवाल्याला आता कोण नाही म्हणून सांगणार?" कालिंदीबाईंनी विचारलं. "आणि कधी? येत्या गुरुवारी?"

श्रीरंगरावांनी पेला खुर्चीशेजारी फरशीवर ठेवला. उठले. कोटाची वरची गुंडी सुटली होती ती त्यांनी लावली नाही. दारातल्या चपलांत त्यांनी पाय सरकवले, एक पाय नीट बसला नाही तो तसाच ओढला, आणि कुणाकडं न बघता ते फाटकातून बाहेर पडून पैठण गेटच्या, गयासच्या दुकानाच्या रस्त्याला लागले.